भिंग कोणते बसवायचे?

गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, ‘भिंग कोणते बसवायचे?’ मला आजी आठवली. १९६० च्या सुमारास तिचे ऑपरेशन झाले, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गढूळ झालेले भिंग काढायचे आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावायचा, एवढेच! चष्मा काढला, की घरची माणसेही ती आवाजावरून ओळखे.

खरे तर उपाय तेव्हा सापडलेला होता. १९४० साली ब्रिटनवरील हवाई लढाईत गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या विमानाचे पारदर्शक छत फुटले आणि प्लास्टिकचे कण त्याच्या डोळ्यांत शिरले. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांच्या लक्षात आले, की हे कण डोळ्यात राहूनही दाह होत नाही. पुढे एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी रिडलींनी तशाच प्लास्टिकचे भिंग एका महिलेच्या डोळ्यात बसवून पाहिले. कल्पना बरोबर ठरली, पण नंबराचा हिशेब चुकला. त्या बाईंना उणे १८ च्या आसपास नंबर आला. मोठमोठ्या नेत्रतज्ज्ञांनी या प्रयोगाला विरोध केला. तो मावळायला काही दशके गेली. रिडलींना ‘सर’ किताब मिळाला तो २००० साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवली आणि ती गरिबांच्या आवाक्यात आली.

आता डोळ्याची लांबी आणि बाहेरच्या पारदर्शक पडद्याचा बाक मोजूनच भिंगाचा नंबर ठरतो. प्रकार मात्र आपण निवडायचा. एका अंतराचे भिंग घेतले, तर लांबचे स्वच्छ दिसते, वाचायला चष्मा लागतो. अनेक अंतरांच्या भिंगाने चष्मा बराचसा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. मुलगा म्हणाला, ‘बाबा, महागातले घ्या.’ मी रात्रीची स्कूटर चालवतो, म्हणून साधेच घेतले. किमतीपेक्षा आपला दिवस कसा जातो, हे डॉक्टरांना सांगणे महत्त्वाचे.

पट्टी निघाली, तेव्हा दारातून येणारी सून मला चष्म्याविना दिसली. तिने हाक मारण्याआधीच!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)