कर्करोगाचे उपचार आणि दातांची निगा

तोंड, घसा किंवा मानेच्या कर्करोगावर किरणोपचार ठरले की घरात धावपळ सुरू होते ती पैशांची, कागदपत्रांची आणि तारखांची. दातांची आठवण सहसा शेवटी होते. वास्तविक ती आधी व्हायला हवी. कारण उपचारांपूर्वी सहज काढता येणारा किडका दात नंतर काढणे जोखमीचे ठरते.

हे किरणोपचार साधारणतः ६ ते ७ आठवडे चालतात. किरणांच्या कक्षेत येणाऱ्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा क्षीण होतो. त्यानंतर, अगदी काही वर्षांनीही, दात काढल्यास जखम न भरता हाड निर्जीव होऊ शकते. खालच्या जबड्यात हा धोका अधिक. म्हणून वाचवता न येणारे दात आधीच काढून जखम भरण्यास शक्यतो २ ते ३ आठवडे दिले जातात. मात्र त्यासाठी मूळ उपचार लांबणीवर टाकणे इष्ट नसते. निदान होताच दंततपासणी करावी, ती याचसाठी.

लाळग्रंथींना इजा झाल्याने तोंड कोरडे पडते. लाळेचे संरक्षण गेले की दात हिरडीलगत झपाट्याने किडतात. त्यावर दंतवैद्याने सुचवलेले फ्लोराइड नियमित, बहुधा आयुष्यभर वापरावे लागते. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायामही सांगितले जातात.

केमोथेरपीत पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात. अशा वेळी हिरडीचा साधा संसर्ग रक्तात पसरू शकतो, रक्तस्रावही आटोक्यात येत नाही. त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला आणि रक्ततपासणी यांशिवाय दात काढू नये. हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब घेणाऱ्यांनीही ही माहिती दंतवैद्याला आवर्जून द्यावी. या औषधांमुळेही जबड्याचे हाड निर्जीव होण्याचा धोका संभवतो.

दैनंदिन निगा साधी आहे. अतिशय मऊ ब्रश वापरावा. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. अल्कोहोलयुक्त माउथवॉश, तंबाखू, सुपारी आणि तिखट पदार्थ वर्ज्य करावेत.

गोव्यातील रुग्णांसाठी शासकीय दंत महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही रुग्णालये बांबोळीतच आहेत. उपचार संपले तरी किरणोपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि दात काढण्याची वेळ आल्यास ती प्रथम दाखवावीत.