शिंद्यांच्या टेबलावरचं इंजिन

रायपूरला बदली झाली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुम्हाला पंडरीला नेतं. कारण सोपं आहे, पडदे, चादरी, साड्या सगळं तिथल्या कापड बाजारात घाऊक भावात मिळतं. खरेदी सौभाग्यवतींनी करायची आणि आपण पिशव्या धरून उभं राहायचं, हा फौजेतला जुना शिरस्ता. तसा उभा असतानाच मला कळलं की जवळून जाणारा एक्सप्रेस-वे ज्या पट्ट्यावर बांधलाय, तिथे पूर्वी छोटी रेल्वे होती. रायपूर-धमतरी ही अडीच फुटी नॅरोगेज, बंगाल नागपूर रेल्वेने १९००च्या सुमारास टाकलेली. शहरातला तिचा भाग २०१७ मध्ये बंद झाला, रूळ उचलले गेले आणि त्यावर डांबर आलं. जुने पंडरीकर अजूनही 'छोटी लाइन के उस पार' असा पत्ता सांगतात.

या छोट्या लाइनीमुळेच इथल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांशी ओळख झाली. मूळचे विदर्भातले, तीन पिढ्या रायपुरात, बोलण्यात मराठीला छत्तीसगढीची फोडणी. मी ईएमईचा आहे आणि रेल्वेचा शौकीन आहे हे समजल्यावर त्यांनी एक दिवस घरी बोलावलं. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं वीतभर लांबीचं पत्र्याचं इंजिन समोर ठेवलं आणि म्हणाले, "सर, हे ग्वाल्हेरच्या महाराजांचं. आमचे आजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, त्यांना बक्षीस मिळालं होतं."

इंजिनाच्या बाजूला पितळी पाटी. इंग्रजीत कोरलेलं, महाराजा माधवराव सिंदिया, ग्वाल्हेर, १९०६. एका व्यापाऱ्याने त्यासाठी चांगली रक्कम देऊ केली होती, पण अट घातली होती की कुणा अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र हवं. पाटीसकट किंमत, पाटीशिवायच्या दहापट. साहेबांना त्या पैशांतून नातीच्या कॉलेजची फी भरायची होती. माझ्याकडून त्यांना काय हवंय ते त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

आता ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी शिंद्यांचं आणि खेळण्यातल्या आगगाडीचं काय नातं ते सांगतो. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ बसवलेले आहेत आणि त्यांवरून एक चांदीची गाडी फिरते. डब्यांवर सिंदिया नावाची सात इंग्रजी अक्षरं, एकेका डब्यावर एकेक. जेवण झालं की मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन गाडी पाहुण्यांसमोरून जाई. सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू होई. सर्किट तोडण्या-जोडण्याची साधी युक्ती आहे, पण त्या काळच्या पाहुण्यांना जादूच वाटली असणार. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने ती बनवली, आणि साल दिलं जातं १९०६.

'फ्रीडम ॲट मिडनाइट' वाचलेल्यांना त्यातला किस्सा आठवेल, एका मेजवानीत गाडी बिघडली, सुसाट सुटली आणि खुद्द व्हाइसरॉयच्या मेजवानीत पाहुण्यांच्या अंगावर रस्सा उडाला. वेगवेगळ्या मेसमध्ये हा किस्सा मी तीनदा ऐकलाय. तिन्ही वेळा व्हाइसरॉय निराळा होता.

ही गाडी बनवून घेणारे माधवराव शिंदे निव्वळ हौशी राजे नव्हते, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं. त्यांची वाहतूक तुकडी, म्हणजे ग्वाल्हेरची ट्रान्सपोर्ट कोअर, १८९५ च्या चित्रालच्या आणि १८९७ च्या तिराहच्या मोहिमेत होती. बॉक्सर बंडाच्या वेळी 'ग्वाल्हेर' नावाचं इस्पितळ-जहाज त्यांनी स्वतःच्या खर्चाने दिलं आणि स्वतः चीनला गेले. संस्थानात दोन फुटी गेजची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्याच काळात उभी राहिली. तिचा श्योपूरचा फाटा १९०९ मध्ये पुरा झाला आणि अगदी २०२० पर्यंत त्यावर गाड्या धावत होत्या. ज्याला सैन्याची रसद कळते त्याला रेल्वे आवडणारच, असं आपलं माझं मत. टेबलावरची गाडी मला त्याच डोक्यातून निघालेली वाटते. माणसाच्या हाताशिवाय माल ठरल्या जागी पोचवायचा आणि रिकामा डबा परत आणायचा, आणखी काय असतं रसद म्हणजे?

असो. इंजिनाकडे वळतो.

पहिली गोष्ट, टेबलावरची गाडी विजेवर चालते आणि ती चांदीची आहे. सुभेदार साहेबांचं इंजिन छापील रंगाच्या पत्र्याचं, आणि पोटात किल्लीची स्प्रिंग. चाकांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून पाहिलं, ३२ मिलिमीटरच्या रुळावर चालणारं, म्हणजे ज्याला ओ गेज म्हणतात ते. तेव्हा हे त्या गाडीचं इंजिन नव्हे, एवढं दोन मिनिटांत ठरलं. पण महाराजांचं दुसरं खेळणं असू शकतं की! राजवाड्यात एकच गाडी असावी असा काही नियम नाही.

मग उलटं करून पाहिलं. तळाशी बारीक शिक्का होता, बी आणि डब्ल्यू. हा न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीचा. हीच कंपनी बॅसेट-लोकसाठीही इंजिनं बनवून देत असे, त्यामुळे क्षणभर माझेही डोळे चमकले. पण महायुद्धाआधी बिंगच्या मालावर जीबीएन अशी अक्षरं असत, म्हणजे बिंग बंधू, न्यूरेंबर्ग. बी डब्ल्यू हा शिक्का पहिल्या महायुद्धानंतरचा, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीच बुडाली. म्हणजे इंजिन जुनं, अस्सल, जर्मन, पण १९०६ चं नक्की नाही. पाटीवरचं साल खोटं. ते कुठून आलं असेल? चांदीच्या गाडीबद्दल जिथे म्हणून छापून येतं तिथे हेच साल येतं. ज्याने पाटी कोरून घेतली त्याने तिथूनच उचललं असावं, असा माझा अंदाज.

दुसरी खूण पाटीच्या स्क्रूंची. त्यांच्या डोक्यावर अधिकची खाच होती, जिला आपण वर्कशॉपमध्ये फिलिप्स म्हणतो. हेन्री फिलिप्सचं पेटंट १९३६ चं. माधवराव १९२५ मध्ये पॅरिसला वारले. अर्थात स्क्रू नंतर बदलता येतात, निव्वळ स्क्रूवरून फाशी देता येत नाही. म्हणून साहेबांच्या परवानगीने पाटी काढली. खाली दुसरी जुनी भोकं नव्हती. आणि पत्र्यावरचे ओरखडे, पोरांनी खेळून पाडलेले, पाटीच्या एका कडेने आत शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडत होते. पाटी आधीपासून असती तर तिने तेवढा पत्रा झाकला असता. आधी वर्षानुवर्षं खेळणं झालं, पाटी मागाहून बसली. माझ्या दृष्टीने सगळ्यांत पक्का पुरावा हाच, कारण ओरखड्याला कुणाचं नाव मोठं करायचं नसतं.

नावामुळे वस्तूची किंमत वाढते हे जगभर चालतं. नील यंग या गायकाच्या खेळण्यातल्या गाड्यांचा २०१७ मध्ये अमेरिकेत लिलाव झाला, तिथे माल स्वतः मालकाच्या घरातून आलेला, कागद हातात. पण मधल्या हातांची साखळी तुटलेली असली की पाटीला फक्त पितळेची किंमत. पुण्यात भाऊ जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय उघडलं. तिथे तासन् तास काढलेत मी, खडकवासल्याच्या दिवसांची सवय. तिथल्या गाड्यांना कुणा राजाचं नाव लागत नाही, आणि लोक रांगा लावून बघतात.

सुभेदार साहेबांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "सर, म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलले?"

मी म्हटलं, "साहेब, पाटी खोटी आहे. आजोबांचं मला माहीत नाही."

आणि हे मी समजूत घालायला बोललो नव्हतो. माधवरावांचे चिरंजीव जिवाजीराव १९१६ चे. इंग्लंडच्या राजावरून त्यांच्या नावात जॉर्जही होतं. वडील गेले तेव्हा ते आठ वर्षांचे होते, म्हणजे या इंजिनाशी खेळायचं नेमकं वय. मोठा झाल्यावर राजपुत्राने जुनं खेळणं पहाऱ्यावरच्या शिपायाच्या पोराला दिलं, असं घडलं असू शकतं. शक्यता आहे, पुरावा नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत शक्यतेवर सही करत नसतात, तिथली सवय इथेही लागू.

पत्र मी लिहून दिलं. साध्या कागदावर, हुद्दा आणि शिक्का न घालता. इंजिन बिंगचं, पहिल्या महायुद्धानंतरचं, स्प्रिंग चालू, एक जोडकांडी बदललेली, पाटी नंतर लावलेली, ग्वाल्हेरच्या राजघराण्याशी संबंध दाखवणारा कागद पाहण्यात नाही. व्यापाऱ्याने पत्र वाचलं आणि पुन्हा फोन केला नाही. पुढे एका संग्राहकाने ते पाटीशिवायच्या भावात मागितलं. साहेबांनी दोन दिवस विचार करून नाही सांगितलं. फीचा पहिला हप्ता आमच्या ओळखीतल्या चार जणांनी मिळून भरला, उसना म्हणून, आणि साहेब दर महिन्याला न चुकता फेडताहेत.

मागच्या रविवारी ते पुन्हा आले होते. या वेळी टॉवेलात इंजिन नव्हतं, एका पत्र्याच्या डब्यात आजोबांचे कागद होते, घड्यांवर फाटलेले, काही मोडीत. ग्वाल्हेरची संस्थानी फौज १९५०-५१ च्या सुमारास भारतीय सैन्यात विलीन झाली, त्याआधीच्या नोकरीचे दाखले त्यात असू शकतात. मला मोडी येत नाही. वाचकांपैकी कुणाला येत असेल आणि रायपूरला येणं होणार असेल, तर कळवा. चहा पंडरीत, सुभेदार साहेबांच्या घरी.