‘प्पट’ची कुळकथा

‘दुप्पट’, ‘तिप्पट’ यांचं शेपूट कापून कुणी ‘प्पट’ असा स्वतंत्र शब्द केला, तर आपण हसू. गणितवाल्यांनी इंग्रजीत नेमकं हेच केलं आणि संगणकवाल्यांनी ते मुकाट उचललं. टपल हा त्यांचा ‘प्पट’. (काही जण ट्यूपल म्हणतात. टपल म्हटलं की मला टपली आठवते.)

‘डबल’च्या शेवटी ‘बल’, ‘ट्रिपल’च्या शेवटी ‘पल’. मुळात घडीचा, पदराचा अर्थ असलेला लॅटिन प्रत्यय. पण ‘क्विन्टुपल’मधला ‘टु’ प्रत्ययाचा नाही, तो ‘क्विन्टुस’चा, म्हणजे ‘पाचव्या’चा. कितीही पदांच्या क्रमवार जुडीला नाव हवं होतं, तेव्हा हा तुकडा सांध्यासकट तोडला गेला. म्हणून दोन पदांच्या टपलातही पाचव्याचं हाडूक अडकलेलं आहे. ‘प्पट’मधला जोड ‘प’ही तसाच सांध्यावरचा, चौपट-पाचपटमध्ये तो एकेरी असतो. आपला ‘पट’सुद्धा मूळचा कापडाचा, दुपदरी-तिपदरीच्या घरातला, असं मी छातीठोक सांगतो. कोशकारांनी खुशाल भांडावं.

१९७० मध्ये संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी डेटाबेसच्या ओळींना टपल म्हटलं. पण या बेवारस शब्दाला साजेसं घर मिळालं ते येलच्या डेव्हिड गेलर्न्टरकडे, ‘लिंडा’ या भाषेत. (अमेरिकी संरक्षण खात्याची ‘एडा’ भाषा एडा लव्हलेसच्या नावाची, म्हणून यांनी मुद्दाम प्रौढपटांतली लिंडा लव्हलेस निवडली. हा वात्रटपणा मला आवडतो.) लिंडात अनेक यंत्रांवरच्या प्रक्रियांसाठी एक सामाईक अवकाश असतो. ‘आउट’ने टपल त्यात टाकायचं, ‘आरडी’ने नुसतं वाचायचं, ‘इन’ने उचलून न्यायचं, ‘इव्हॅल’ने नवी प्रक्रियाच सुरू होते. टपलाला पत्ता नाही की मालक नाही. ‘काम, १७’ अशा आशयावरून ते शोधायचं. टाकणारा संपून गेला तरी टपल राहतं. गेलर्न्टर यांचा १९८५ चा निबंध याच स्वायत्ततेवर उभा आहे.

काही जाणकार लिंडाचं गोत्र ‘ब्लॅकबोर्ड’शी जोडतात: कार्नेगी मेलनमधली, १९७०च्या दशकातली, बोलणं ओळखणारी ‘हिअरसे-२’ प्रणाली, जिच्यात अनेक तज्ज्ञ एकाच फळ्यावर आपापले अंदाज लिहीत. मला हे पटत नाही. त्या फळ्यापाशी पुढची पाळी कुणाची हे ठरवणारा नियोजक असतो. लिंडात मास्तरच नाही. शिवाय फळा वाचल्याने पुसला जात नाही. ‘इन’ मात्र टपल घेऊनच जातं, म्हणून एकच काम दोघांच्या हाती पडत नाही आणि वेगळं कुलूपही लागत नाही. सारी गंमत या उचलण्यात आहे. लिंडा मला फळ्यापेक्षा मजूर अड्ड्याची नातलग वाटते. फरक एवढाच की इथे कामं उभी असतात आणि मजूर येऊन निवडतात.

त्याच येलमध्ये काय ली यांनी १९८६च्या प्रबंधात उलटी वाट धरली: विखुरलेल्या यंत्रांची स्मृती एकच आहे असं भासवायचं, पत्त्यांसकट. ते कुळ वेगळं.

१९९०च्या दशकाअखेरीस सन कंपनीने लिंडाचीच कल्पना घेऊन ‘जावास्पेसेस’ आणलं. ‘आउट’चं ‘राइट’ झालं, ‘इन’चं ‘टेक’. बरंच झालं, कारण ‘आउट’ म्हणत आत टाकणं नवख्याला चकवायचंच. पण त्याच झाडलोटीत टपलही गेलं. तिथे त्याचं नाव ‘एंट्री’.