‘बाजीराव मस्तानी’: वैभवाला दाद, इतिहासावर नाराजी

संजय लीला भन्साळी दिग्दर्शित ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट १८ डिसेंबर २०१५ रोजी देशभर प्रदर्शित झाला. त्याच दिवशी पुण्यात कोथरूड येथील एका चित्रपटगृहासमोर निदर्शने झाली आणि तेथील सकाळचे खेळ रद्द करावे लागले. अन्यत्र मात्र चित्रपटाला गर्दी लोटली. पुढे ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनासह छायालेखन, नृत्यदिग्दर्शन, कला दिग्दर्शन आदी पुरस्कार या चित्रपटाने पटकावले. राधाबाईंची भूमिका करणाऱ्या तन्वी आझमी यांनाही सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. एकाच चित्रपटाविषयी इतकी परस्परविरोधी मते का व्यक्त झाली, याचे उत्तर केवळ ‘इतिहासाची मोडतोड’ या दोन शब्दांत मिळत नाही.

या कथेला पडदा नवा नव्हता. ‘बाजीराव मस्तानी’ याच नावाचा मूकपट १९२५ मध्येच येऊन गेला होता. नानूभाई देसाई आणि भालजी पेंढारकर यांनी तो दिग्दर्शित केला होता. भन्साळी यांच्या चित्रपटाला आधार होता तो ना. सं. इनामदार यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘राऊ’ या कादंबरीचा. म्हणजे पडद्यावर आला तो बखरीतला किंवा दप्तरातला बाजीराव नव्हे, तर एका मराठी कादंबरीकाराने कल्पिलेला बाजीराव. आपला ऐतिहासिक सत्यतेचा दावा नाही, असे निवेदनही चित्रपटाच्या आरंभी होते. गंमत अशी, की कादंबरीतील कल्पनाविलास मराठी वाचकाने चार दशके आनंदाने स्वीकारला; तोच पडद्यावर येताच त्याला खटकू लागला. वाचताना प्रत्येकाचा बाजीराव ज्याच्या त्याच्या मनात राहतो. पडद्यावर तो सर्वांसाठी एकच होतो, हे त्यामागचे एक कारण असावे.

वादाला तोंड फुटले ते प्रदर्शनाच्या महिनाभर आधी, ‘पिंगा’ या गाण्याने. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचत आहेत, हे दृश्य पाहून पेशव्यांच्या वंशजांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पेशवे घराण्यातील स्त्री अशी नाचणे त्या काळी अशक्य होते, शिवाय काशीबाईंना पायाच्या दुखण्याचा त्रास होता, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते. नऊवारी नेसण्याच्या पद्धतीवरही बोट ठेवले गेले. पिंगा हा मंगळागौरीच्या खेळांतला घरगुती प्रकार. तो बायकांनी बायकांपुढे, रात्र जागवण्यासाठी खेळायचा. त्याचे दरबारी नृत्य झालेले पाहून अनेक मराठी स्त्रियांना भन्साळींच्याच ‘देवदास’मधील दोन नायिकांच्या नृत्याची आठवण झाली. महाराष्ट्राबाहेरच्या प्रेक्षकाला मात्र हाच प्रसंग चित्रपटाचा उत्कर्षबिंदू वाटला. पेशवा स्वतः सैनिकांसह बेभान नाचतो त्या ‘मल्हारी’ गाण्याबाबतही असेच झाले. तरुणांनी ते डोक्यावर घेतले, तर जुन्या पिढीने कपाळावर हात मारला.

नेपथ्याबाबतची मतभिन्नता अधिक बोलकी आहे. चित्रपटातील आईना महाल डोळे दिपवतो. आरशांच्या असंख्य तुकड्यांत मस्तानीची प्रतिबिंबे फिरत राहतात. छायाचित्रणाची ही करामत निर्विवाद आहे. परंतु पुण्याच्या वाड्यांशी परिचय असलेल्या प्रेक्षकाला हा थाट राजस्थानी शीशमहालाचा वाटला. शनिवारवाड्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला आणि १८२८ च्या आगीत त्याचा मोठा भाग भस्मसात झाला. त्यामुळे मूळ वास्तू कशी होती याविषयी कल्पनेला वाव राहतो, हे खरे. मात्र कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणून पुन्हा उभे केलेले आहेत. ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मराठी श्रीमंतीचा तोल ठाऊक आहे. नक्षीदार लाकूड, मध्यम उंचीचे छत आणि बेताची सजावट, असे तिचे रूप असते. भन्साळींचा तो प्रांत नव्हे.

अशी द्विधा प्रतिक्रिया केवळ आपल्याकडे उमटते असेही नाही. तलवारबाजीच्या चिनी ऐतिहासिक चित्रपटांना ‘वूशिया’ म्हणतात. त्यांची कीर्ती जगभर पोहोचली ती आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ (२०००) या चित्रपटाने. चार ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाबद्दल चीनमधील प्रेक्षकांचा उत्साह मात्र बेताचाच होता. हाँगकाँगचा चाऊ युन-फॅट आणि मलेशियाची मिशेल यो यांचे मँडरिन उच्चार तेथील कानांना खटकले आणि कथा संथ वाटली. झांग यिमोऊ यांच्या ‘हीरो’ (२००२) मधील रंगांची उधळण पाहून जग थक्क झाले. पण एकीकरणाच्या नावाखाली चिन सम्राटाच्या जुलमाला हा चित्रपट माफी देतो, अशी टीका झाली. त्यांचाच ‘कर्स ऑफ द गोल्डन फ्लॉवर’ (२००६) सोनेरी राजवाडा आणि शेवंतीच्या फुलांनी भरलेल्या प्रांगणामुळे गाजला, वेशभूषेसाठी ऑस्करच्या स्पर्धेतही पोहोचला. तरीही एवढ्या झगमगाटात माणसे हरवली, असे म्हणणारे प्रेक्षक थोडे नव्हते. परका प्रेक्षक दृश्य पाहतो, तर घरचा प्रेक्षक उच्चार ऐकतो, पदर कसा घेतला ते बघतो आणि आजीने सांगितलेल्या गोष्टीशी ते सारे ताडून पाहतो. रणवीर सिंग यांच्या मराठी वळणाच्या हिंदीबद्दलही म्हणूनच दोन मते पडली. कोणाला तिच्यात मेहनत दिसली, तर कोणाला नक्कल.

मराठवाड्यातील प्रेक्षकासाठी आणखी एक पदर आहे. नांदेड जिल्ह्यातील नायगावसारख्या तालुक्याच्या गावी निजाम हे केवळ चित्रपटातले पात्र नाही. हा सारा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. चित्रपटात रझा मुराद यांनी साकारलेला निजाम हा त्या घराण्याचा मूळ पुरुष. त्याच्याविरुद्ध बाजीरावाने जिंकलेली सर्वांत मोठी लढाई मराठवाड्याच्याच भूमीवर, वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे झाली. या लढाईला चित्रपटात मिळावे तसे स्थान मिळाले नाही, ही इतिहासप्रेमींची तक्रार रास्त आहे. तिचे कारणही समजून घेण्याजोगे आहे.

पालखेडचा विजय हा घोड्यांच्या टापांचा विजय होता. निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांना हाताशी धरून शाहू महाराजांविरुद्ध उभे केले व पुण्यापर्यंत धडक मारली. बाजीराव पुणे वाचवायला धावला नाही. १७२७ च्या उत्तरार्धात तो जालना परगण्यात शिरला, तेथून बऱ्हाणपूरची हूल देऊन गुजरातकडे वळला आणि अखेर औरंगाबादच्या रोखाने आला. राजधानी धोक्यात आलेली पाहून निजामाला माघारी फिरावे लागले. अवजड तोफा मागे राहिल्या. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ मराठ्यांनी त्याच्या फौजेचे दाणापाणी तोडले. पाण्यावाचून कासावीस झालेल्या निजामाने वाटाघाटी सुरू केल्या आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. ब्रिटिश सेनानी फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी युद्धशास्त्राच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या मोहिमेला वेगवान हालचालींचा उत्कृष्ट नमुना मानले आहे.

एवढ्या मोठ्या विजयात पडद्यावर दाखवण्याजोगी हातघाई जवळजवळ नाही. पाच महिन्यांची घोडदौड आणि शेवटी कोरडे पडलेले घसे हे कॅमेऱ्याला फारसे भावणारे नाही. त्याला हवा असतो एकटा वीर आणि त्याची तलवार. म्हणून चित्रपटाच्या अखेरीस बाजीराव नासिरजंगाच्या फौजेवर एकटाच तुटून पडतो. प्रत्यक्षात १७४० च्या प्रारंभी नासिरजंगाविरुद्धची मोहीम औरंगाबादच्या परिसरात फौजफाट्यानिशी झाली, तिचा शेवट मुंगी-पैठणच्या तहाने झाला आणि बाजीरावाच्या पदरात हंडिया व खरगोण हे प्रांत पडले. त्या नव्या मुलखाच्या व्यवस्थेसाठी गेला असता नर्मदाकाठी रावेरखेडी येथे २८ एप्रिल १७४० रोजी आजारपणात त्याचे निधन झाले. वय अवघे ३९ वर्षे.

उलट बाजूने पाहता, चित्रपटाने जे साधले तेही नाकारता येत नाही. मस्तानी हे नाव मराठी समाजात दीर्घकाळ कुजबुजीचा विषय होते. छत्रसालाची कन्या, प्रणामी पंथाच्या वातावरणात वाढलेली, घोड्यावर बसणारी स्त्री म्हणून तिला मान देऊन उभे करण्याचे श्रेय चित्रपटाला द्यावे लागते. बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवले गेले, ही घटना ऐतिहासिक आहे. चित्रपटात तिला साखळदंडांनी जखडले आणि दोघांचा अंत एकाच क्षणी दाखवला, तो कवीचा अधिकार. बाजीरावापाठोपाठ तिचाही मृत्यू झाला. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे तिची कबर आहे. तिचा मुलगा समशेर बहाद्दर याला काशीबाईंनी सांभाळले. १७६१ मध्ये तो पानिपतच्या रणात मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमांनी गेला. सवत म्हणून हिणवल्या जाणाऱ्या स्त्रीच्या मुलाला आईची माया देणारी काशीबाई हा प्रसंग कोणत्याही नृत्यापेक्षा मोठा होता. चित्रपट त्याच्या अलीकडेच संपतो. प्रियांका चोप्रा यांनी रंगवलेली काशीबाई ज्यांना सर्वाधिक भावली, त्यांना ही उणीव विशेष जाणवली.

पुढील दशकात पेशवाई आणि शिवशाहीवर भव्य हिंदी चित्रपटांची रांगच लागली आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी-अधिक हीच फाळणी आली. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘पानिपत’ला (२०१९) महाराष्ट्रापेक्षा राजस्थानात अधिक विरोध झाला, कारण तेथे प्रश्न महाराजा सूरजमल यांच्या चित्रणाचा होता. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘छावा’च्या झलकेत छत्रपती संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, तेव्हा ‘पिंगा’च्या वेळचेच शब्द पुन्हा ऐकू आले. फरक इतकाच, की १४ फेब्रुवारी २०२५ रोजी चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी ते दृश्य काढून टाकले. ‘पिंगा’ मात्र चित्रपटात कायम राहिला.