फाइलवर नाव नसतंच, असतो तो आकडा

मागच्या महिन्यात लॅबच्या जुन्या लिनक्स सर्व्हरची डिस्क नव्या मशीनला जोडली, आणि माझा तीन वर्षांचा डेटा एका ज्युनिअरच्या नावावर दिसायला लागला! त्याला तो पुसता येत होता, मला मात्र त्यात एक ओळही बदलता येत नव्हती. जुन्या मशीनवर १००१ हा माझा क्रमांक होता, नव्यावर तो त्याचा आहे. एवढंच काय ते झालं होतं.

हे दुखणं युनिक्सइतकंच जुनं आहे. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. त्या काळी फाइलची माहिती ठेवणाऱ्या आयनोडमध्ये मालकासाठी जागा होती फक्त एक बाइट. त्यात नाव मावणार कसं? म्हणून आकडा. कोणता आकडा कोणाचा, हे पासवर्ड फाइलमध्ये. गंमत म्हणजे नाव आणि आकड्याच्या जोड्यांची ‘यूआयडीज’ नावाची आणखी एक फाइल होती, आणि नवा माणूस आला की दोन्ही फाइल्स बदला, अशी सूचना मॅन्युअलमध्येच होती. म्हणजे नोंदी जुळत्या ठेवायचं काम पहिल्यापासून माणसाच्याच गळ्यात!

मशीन एकच होतं तोवर हे खपून गेलं. १९८० च्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणलं, एकाची डिस्क दुसऱ्याला नेटवर्कवरून दिसू लागली, पण तारेवरून जायचा तो आकडाच. सगळ्या मशीन्सवर एकच यादी हवी, म्हणून सनने ‘यलो पेजेस’ काढलं. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचं निघाल्यामुळे पुढे एनआयएस झालं. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत आकड्याऐवजी नाव आणि डोमेन पाठवायची सोय आली. आता डोमेन जुळलं नाही तर सगळ्या फाइल्स ‘नोबडी’च्या नावावर दिसतात, हा त्यातला नवा ताप.

तेव्हा जुनी डिस्क पुरावा म्हणून वाचणार असाल तर ‘एलएस’ दाखवतं त्या नावावर जाऊ नका. ते नाव डिस्कवर नसतं, समोरचं मशीन आपल्या यादीतून ते लावतं. ‘एलएस’ला ‘-एलएन’ जोडून आधी आकडे बघा, आणि जुन्या मशीनची पासवर्ड फाइल हाताशी ठेवा.

मी घाईत चूक करणारच होतो. नव्या मशीनवर माझा क्रमांक १००२. ‘फाइंड’ने १००१ च्या सगळ्या फाइल्स शोधून ‘चोन’ने १००२ ला दिल्या की झालं, असं वाटलं. पण त्याच डिस्कवर १००२ हा एका सीनिअरचा क्रमांक होता. तसं केलं असतं तर दोघांचा डेटा एका आकड्याखाली आला असता, आणि कुठली फाइल कुणाची हे नंतर आकड्यावरून ओळखताच आलं नसतं. म्हणून आधी त्यांच्या फाइल्स कोणाचाच नसलेल्या ५००२ वर हलवल्या, मग माझ्या घेतल्या.

त्यांचं खातं नव्या मशीनवर नाही. त्यामुळे त्यांच्या फाइल्सपुढे ‘एलएस’ अजून नुसता ५००२ दाखवतं.