मावशी, तेवढं एक करता का?

माझी आय सकाळी सातच्या आत उल्हासनगर स्टेशनावर असते. मुंबईकडची लोकल खच्चून भरलेली, माणसं दारात लोंबकळतात. आय उलटी, बदलापूरची गाडी धरते. तिला बसायला जागा मिळते. बदलापूरला ज्या घरी ती दीड वर्षाची पोरगी सांभाळते, तिथले नवराबायको त्या भरलेल्या गाडीनं मुंबईला जातात. आय पोचल्याशिवाय ते घराबाहेर पडू शकत नाहीत. एवढं ध्यानात ठेवा.

बोली झाली तेव्हा काम एकच होतं. पोरगी सांभाळायची. न्हाऊ घालायचं, भरवायचं, निजवायचं. महिन्याभरानं बाई म्हणाल्या, "मावशी, बाळ झोपलं की तेवढ्या बाटल्या धुता का?" मग बाळाचे कपडे. मग सगळ्या घराचे कपडे. मग भाजी निवडा, कणीक मळा, पाहुणे आले चहा टाका. संध्याकाळी गाडी लेट झाली की आयची पाळी लांबते. पगार तोच.

मी म्हणालो, "आय, नाय म्हण की."

"मावशी म्हणतात रं. नाय कसं म्हणू?"

दोस्तहो, या मावशीनंच घात केलाय. मावशी म्हटलं की पगार वाढवावा लागत नाही, काम मात्र वाढवता येतं. आणि त्याच घरात या मावशीचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो.

मी गिरणीत मागावर काम करतो. माग चालवणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा. पाळीचा भोंगा झाला की मी मोकळा. हे फुकट मिळालेलं नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्यानं आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. पण कायदा कारखान्याच्या गेटातच थांबला. माझ्या आयच्या कामाला गेट नाही, भोंगा नाही.

हे दुखणं जुनं आहे. गावात महाराचं काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं याला काही धरबंध नव्हता. सांगावा न्या, मेलेलं ढोर ओढा, सायबाचं सामान वाहा. दिवस नाही, रात्र नाही. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला धरून न्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती मांडली. त्यातली जमिनीची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण आणखी एक मागणी होती : वतनदारानं कोणती कामं करायची ती नियमानं ठरवून द्या. ते बिल पास झालं नाही. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं.

आता दुसरी बाजू. आया हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गोऱ्या सायबाच्या बंगल्यात आया मूल बघायची, हमाल झाडपूस करायचा, मसालची भांडी घासायचा, संडास सफाईवाल्याच्या माथी. वाटेल, काय छान हद्द आखलेली! पण ती बरीचशी जातीनं आखलेली. बाबासाहेबांनी १९३६ साली बजावलंय की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. ती हद्द माणसाला होती. आपल्याला हवी ती कामाला. माझ्या आयच्या नशिबी दोन्ही उलटं आलं. कामाला हद्द नाही आणि कपाला आहे.

आपल्या भागाचं बघा. युद्धाच्या काळातली लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती, १९४९ ला तिचं नाव उल्हासनगर झालं. शेजारी अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना, दारूगोळ्याचा कारखाना. गावाकडनं आपली माणसं आली, सुभाष टेकडीसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. पुरुष कारखान्यात गेले, बाया धुण्याभांड्याला. पुढं बदलापूरला इमारतींवर इमारती चढल्या. दोघांनी नोकरी केल्याशिवाय फ्लॅटचा हप्ता फिटत नाही, आणि आपली बाई पोर सांभाळायला गेल्याशिवाय दोघांची नोकरी होत नाही. घर चालतं ते आयच्या हातावर.

यावर कुणी बोललंच नाही असं नाही. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे एकेकाळचे सरचिटणीस पां. ना. राजभोज पुढं काँग्रेसमध्ये गेले, राज्यसभेत बसले. त्यांनी १९५९ साली घरनोकरांसाठी बिल मांडलं. किमान पगार, कामाचे जास्तीत जास्त तास, आठवड्याची सुट्टी, वर्षाला पंधरा दिवस रजा. शिवाय नोकरांची नोंद पोलिसांकडं. बिल बारगळलं. रजा आली नाही, पण पोलिसातली नोंद सोसायटीवाले आज बरोबर करून घेतात.

१९८० ला पुण्याच्या मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली. २००८ ला महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नावातच कल्याण आहे. बाळ सांभाळणारीनं कणीक मळायची की नाही, हे त्यात कुठंच नाही. २०११ ला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १८९ नंबरचा करार केला. कामाचं स्वरूप, तास, पगार आधी सांगा, शक्यतो लेखी द्या, असं त्यात आहे. भारतानं बाजूनं मत दिलं, पण करार स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं, घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमा.

समितीची वाट बघत बसायचं काय? मी वहीचं पान फाडलं. आयला विचारून लिहिलं : बाळाचं सगळं काम माझं. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. पुढच्या तासाला वेगळे पैसे. आठवड्याला एक सुट्टी. बाकीचं काम हवं तर त्याचा वेगळा पगार. आयनं खाली सही केली. प्रौढशिक्षणात शिकलेली सही.

बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मग कपड्याभांड्याला दुसरी बाई बघा." आयनं आमच्याच गल्लीतली एक सुचवली.

काल ती आमच्या दारात आली होती. म्हणाली, "भाऊ, माझं पण पान लिव की."