भाभांचा अपघाती मृत्यू आणि संशयाची साधने

दिनांक 24 जानेवारी 1966 रोजी सकाळी मुंबईहून दिल्ली व बैरूतमार्गे जिनीव्हाकडे जाणारे एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे बोइंग विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व 117 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी जहांगीर भाभा हे त्यांपैकी एक होत. ते व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीस निघाले होते. या मृत्यूमागे घातपात होता, हा समज पुढे दृढ होत गेला. तो कोणत्या साधनांवर उभा आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

संशयास अनुकूल अशी पार्श्वभूमी होती, हे मान्य केले पाहिजे. चीनने 16 ऑक्टोबर 1964 रोजी अणुचाचणी केली. त्याच सुमारास भाभांनी, निर्णय झाल्यास भारत सुमारे 18 महिन्यांत अणुस्फोट घडवू शकेल, असे जाहीरपणे म्हटले होते. अपघातापूर्वी अवघे तेरा दिवस, 11 जानेवारीस, पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांचे ताश्कंद येथे निधन झाले होते. श्रीमती इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी तर अपघाताच्याच दिवशी झाला. शिवाय एअर इंडियाच्या विमानात बाँब ठेवला जाणे ही कपोलकल्पित गोष्ट नव्हती. 11 एप्रिल 1955 रोजी बांडुंग परिषदेस प्रतिनिधी नेणारे ‘काश्मीर प्रिन्सेस’ स्फोटाने समुद्रात कोसळले होते.

परंतु 1955 च्या प्रकरणात घातपात सिद्ध झाला तो तर्काने नव्हे. समुद्रतळातून काढलेल्या अवशेषांत कालनियंत्रित स्फोटकाचे भाग सापडले, आणि अपघातातून वाचलेल्या तिघांची साक्षही उपलब्ध होती. ‘कांचनगंगा’च्या बाबतीत असे काही हाती आलेले नाही. जे हाती आले, ते निराळेच सांगते.

फ्रेंच चौकशी आयोगाचे काम मार्च 1967 मध्ये पुरे झाले. त्याच्या निष्कर्षाचा आशय असा: विमानाने बैरूत सोडले तेव्हाच त्यावरील दोन दिशादर्शक रेडिओ-ग्राहकांपैकी एक निकामी होता आणि वैमानिकास ते ठाऊक होते. त्यामुळे माँ ब्लाँच्या संदर्भात आपले स्थान ठरविताना त्याची चूक झाली. जिनीव्हाच्या रडार-नियंत्रकाने ती चूक ओळखली व पर्वत अद्याप पुढे आहे अशा अर्थाची सूचना दिली. मात्र सूचनेची शब्दयोजना पुरेशी काटेकोर नव्हती. आपण शिखराची धार ओलांडली आहे, असा वैमानिकाचा ग्रह झाला आणि त्याने उतरणे चालू ठेवले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, नियंत्रकाने चूक हेरली ती आघातापूर्वी. स्फोटाची उपपत्ती मांडणाऱ्यांना या संभाषणाचा उलगडा करावा लागेल, आणि तो आजवर कोणी केल्याचे आढळत नाही.

दुसऱ्या बाजूची साधने उत्तरकालीन आहेत. अमेरिकन गुप्तचर खात्याचे एक अधिकारी रॉबर्ट क्राउली यांनी विमानात बाँब ठेवल्याची कबुली आपल्याजवळ दिली, असे एका अमेरिकन लेखकाने लिहिले. ही कबुली प्रसिद्धीस आली ती क्राउली यांच्या मृत्यूनंतर, आणि तिला अन्य कोणत्याही कागदपत्राचा दुजोरा नाही. एखाद्या बखरीतील असा मजकूर आपले इतिहाससंशोधक जेवढ्या किमतीने घेतात, त्याहून अधिक किंमत यास देता येत नाही. दुसरी उपपत्ती लढाऊ विमानाशी टक्कर झाल्याची आहे. ती खरी मानल्यास बाँबची खोटी ठरते. तथापि दोन्ही एकाच दमात सांगितल्या जातात!

संशय टिकून राहण्याचे एक कारण मात्र भूगोलात आहे. अवशेष हिमनदीच्या भेगांत विखुरले आणि बहुतेकांचे देह हाती लागले नाहीत. ज्याचे अंत्यदर्शन घडले नाही त्याच्या मरणावर लोकमन सहसा विश्वास ठेवत नाही. पानिपतानंतरच्या तोतया भाऊसाहेबांचे प्रकरण महाराष्ट्रास ठाऊकच आहे. हीच हिमनदी आता हळूहळू साधने परत करीत आहे. त्यांची छाननीही सावधपणेच केली पाहिजे, कारण 3 नोव्हेंबर 1950 रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचेच विमान 48 जणांसह याच पर्वतावर आदळले होते, आणि दोहोंचे अवशेष मिसळण्याचा संभव आहे. 2012 मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची एक टपालाची पिशवी सापडली. तीत काही गुप्त कागद असतील अशी अटकळ होती. निघाली ती वृत्तपत्रे आणि एअर इंडियाच्या दिनदर्शिका. 2020 मध्ये हिमातून आणखी काही भारतीय वृत्तपत्रे बाहेर आली. त्यांवर श्रीमती गांधींच्या निवडीची वार्ता अद्याप वाचता येत होती.